बाळ येण्याआधी: रजा, पैसे आणि पाळणाघर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बायकोला सातवा महिना लागलाय. ती भोसरीतल्या कारखान्यात पॅकिंगला आहे, कंत्राटदारामार्फत. पगार १८,०००. मी चाकणला, शिफ्टमध्ये. पहिलंच बाळ. माझी आई गावाकडे असते, तिचे गुडघे दुखतात. रजा संपल्यावर बाळाला कोण बघणार? पाळणाघर परवडेल का? सरकारकडून पाच हजार मिळतात असं ऐकलंय, ते कसे घ्यायचे? घरचे म्हणतात, सरळ नोकरी सोडून दे."

दादा, नोकरी सोडायचा विषय आत्ता काढूच नका. आधी पत्नीचं पगारपत्रक समोर घ्या. मी बरीच वर्षं एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका होते आणि आता पाळणाघरातल्या ताईंना प्रशिक्षण देते. माझ्याकडे बहुतेक जोडपी येतात ती रजेचे पंधरा दिवस उरल्यावर. तेव्हा निवड अशी काही उरलेली नसते, जागा असेल ते पाळणाघर घ्यावं लागतं. तुम्ही सातव्या महिन्यात विचारताय, त्यामुळे सगळं नीट जमवता येईल.

तुम्ही एक आकडा सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच: १८,०००. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जायलाच हवा, मग हजेरी कंपनीची असो की कंत्राटदाराची. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, म्हणजे १८,००० वर १३५ रुपयांच्या आसपास. मालकाकडून ३.२५ टक्के वेगळे जातात. पगारपत्रकात ही छोटीशी कपात दिसली, तर बाळंतपणाच्या रजेचा पगार ईएसआय महामंडळ देतं: २६ आठवडे, पूर्ण सरासरी रोजाने. तुमच्या बाबतीत ही रक्कम लाखाच्या वर जाते. लोक पाच हजारांसाठी महिनाभर चकरा मारतात आणि हे लाखभर रुपये कुणी सांगितलं नाही म्हणून राहून जातात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की कुणीही पैशांचं विचारलं की पहिल्यांदा पगारपत्रकच मागते.

अट अशी की प्रसूतीच्या आधीच्या दोन योगदान कालावधींत मिळून निदान ७० दिवसांचं योगदान, म्हणजे ही विम्याची वर्गणी, भरलेलं हवं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. नियमित कामावर असलेल्या बाईचे ७० दिवस सहज भरतात. अडचण येते ती कंत्राटदार बदलला की. नवा कंत्राटदार पुष्कळदा जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढतो, मग दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात आणि दावा करताना कमी दिसतात. तुमच्या पत्नीच्या बाबतीत असं झालंय का ते याच आठवड्यात बघा. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमा क्रमांक टाकून कुठल्या महिन्यात किती दिवस भरलेत ते दिसतं. दोन क्रमांक निघाले तर शाखा कार्यालयात जाऊन ते जोडून घ्या. प्रसूती खासगी दवाखान्यात करायची असेल, तर दाव्यासाठी कुणाचा दाखला चालेल हेही त्याच खेपेला विचारून या.

कपात दिसतच नसेल तर कंत्राटदाराला लेखी विचारा, आणि एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरकडे द्या. कंत्राटी कामगाराचा ईएसआय भरला जातोय की नाही, ही मूळ कंपनीचीही जबाबदारी असते, त्यामुळे हे पत्र दुर्लक्षून चालत नाही.

पगार २१,००० च्या वर असलेल्या बायकांना हीच २६ आठवड्यांची पगारी रजा कंपनीने द्यायची असते. हा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातला. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत तशाच आल्या आहेत. प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. दोन मुलं हयात असताना पुढचं बाळ झालं, तर रजा १२ आठवडेच मिळते.

कंत्राटी कामात एक प्रकार सर्रास चालतो, त्यापासून सावध राहा. "आत्ता राजीनामा लिहून दे, बाळंतपण झालं की परत घेतो" असं सुपरवायझर गोड बोलून सांगतो. त्यावर सही करू नका. राजीनामा दिला की रजाही गेली आणि परत घेण्याचं बंधनही कुणावर राहिलं नाही. रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे. तसं झालंच, तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, आणि ती साठ दिवसांच्या आत करावी. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. फोनवर किंवा तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

पॅकिंगचं काम उभ्याचं असतं म्हणून आणखी एक सांगते. शेवटच्या महिन्यांत जड किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम नको, असं बाई लेखी मागू शकते, आणि मालकाला ते मान्य करावं लागतं. बसून करायचं काम, लेबल लावण्याचं किंवा तपासणीचं, प्रत्येक लाइनवर असतं. मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं. बायका मागत नाहीत, कारण काम नको म्हटलं तर काढून टाकतील अशी धास्ती असते.

आता रजेचा हिशोब. २६ आठवड्यांपैकी प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. आधी आठ घेतले तर नंतर अठरा उरतात, म्हणजे बाळ चार महिन्यांचं असताना तिला कामावर जावं लागेल. आधी दोनच घेतले तर बाळ साडेपाच महिन्यांचं होतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यायचं असतं, म्हणून हा दीड महिन्याचा फरक फार मोलाचा आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर अर्थात तिची तब्येत आधी. सगळं ठीक असेल, तर रजा मागच्या बाजूला जेवढी राखता येईल तेवढी राखा.

त्या पाच हजारांबद्दल आता. ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,०००, आणि बाळाची जन्मनोंदणी व साडेतीन महिन्यांपर्यंतचं लसीकरण झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. पण सरकारी नोकरी असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ घेणाऱ्या बाईला ही योजना लागू नाही. तुमच्या पत्नीला ईएसआयचा पगारी लाभ मिळणार असेल, तर हे पाच हजार तुमच्यासाठी नाहीत. त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

तुमच्या शेजारी किंवा गावात घरकाम करणारी, शेतमजुरी करणारी, नोकरी नसलेली कुणी गरोदर असेल तर तिला मात्र नक्की सांगा. अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रिया, रेशनकार्डावर धान्य घेणारी कुटुंबं, ई-श्रम किंवा रोजगार हमीचं कार्ड असलेल्या, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या, वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांखाली असलेल्या, अशा पुष्कळ जणी यात बसतात. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताई भरून देतात. यात अर्ज नाकारला जाण्यापेक्षा पैसे अडकण्याचे प्रकार जास्त पाहिले. बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा आधारवर माहेरचं नाव आणि खात्यावर सासरचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईने गरोदरपणातच दोन्हीकडचं नाव एक करून घ्यावं. बाळ झाल्यावर ओल्या बाळंतिणीला आधार केंद्राच्या रांगेत उभं करण्यात काही अर्थ नाही. जन्मानंतर २७० दिवसांनी आलेला अर्ज घेतला जात नाही, हेही तिला सांगून ठेवा.

सरकारी दवाखान्यात प्रसूती पूर्ण मोफत असते, सिझेरियन झालं तरी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. त्यात औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि घरून दवाखान्यात व परत घरी नेणारी गाडी, सगळं येतं. गाडीसाठी १०२ नंबर. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही मोफत. हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत असतं. बाळ कमी वजनाचं झालं आणि खासगी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, तर दिवसागणिक बिल वाढत जातं. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी वेगळा अतिदक्षता कक्ष असतो. खासगीतच जायचं असेल तर तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते का, हे दाखल होण्याआधी विचारा. तुमचं रेशनकार्ड हाताशी असू द्या.

तुमच्या भागात बांधकामावरची जोडपी खूप आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ: इमारत बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद असेल तर नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात, दोन मुलांपर्यंत. नोंदणी नवऱ्याची असली तरी बायकोच्या बाळंतपणासाठी चालते.

आता मूळ प्रश्न, बाळाला कोण बघणार.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकते. अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, वजन-उंची बघतात, लसीकरण होतं. तीन वर्षांनंतर मूल तिथे काही तास बसतं, खेळतं, गरम जेवण जेवतं. दिवसभर तान्हं बाळ ठेवायची सोय साध्या अंगणवाडीत नसते. तरीही नाव नोंदवाच. अंगणवाडीच्या सेवांना उत्पन्नाची अट नाही, आणि पत्नीला आत्ता गरोदरपणातला आहारही तिथूनच मिळेल. बाळंतपणाला ती माहेरी जाणार असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या सेविकेला आल्याबरोबर सांगा. म्हणजे दोन्हीकडे नाव लटकत राहत नाही. आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत पाच-सहा वेळा येऊन बाळाला बघतात. त्या आल्या नाहीत तर हक्काने बोलवा.

केंद्राची पाळणा नावाची योजना आहे, तिच्यात काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेलं असतं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. तुमच्या जवळ असं केंद्र चालू आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल. पण कारखान्याची पाळी आठ तासांची, वर जाण्या-येण्याचा वेळ, त्यात साडेसात तास पुरत नाहीत. पुढे-मागे कुणीतरी लागेलच.

कंपनीचं पाळणाघर हा तुमचा हक्क आहे, आणि त्याचा पाठपुरावा करण्यासारखा आहे. जिथे ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत, बायका-पुरुष मिळून, तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. ती आवारातच हवी असं नाही. दोन-चार कंपन्या मिळून एक चालवू शकतात, किंवा जवळच्या पाळणाघराशी करार करू शकतात. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेगळ्या सुट्ट्याही मिळतात. बऱ्याच कारखान्यांत हे कागदावरही नसतं. एकट्या बाईने मागितलं तर उत्तर येत नाही, पण त्याच लाइनवरच्या पाच-सहा जणींनी सह्या करून एक अर्ज दिला की करार होतो, हे मी औद्योगिक वसाहतींत बघितलंय. तुमच्या पत्नीने रजेवर जाण्याआधीच हा अर्ज द्यावा. करार व्हायला सहा महिने लागतात, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.

आईला गावाहून आणण्याबद्दल. दुखऱ्या गुडघ्यांची आजी आठ महिन्यांच्या रांगत्या बाळामागे दिवसभर धावू शकत नाही, तिसऱ्या मजल्यावर तर नाहीच. पण आजी घरात असणं आणि आजीने एकटीने बाळ सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी, किंवा आजी घरात आणि हाताखाली चार तास बाई, अशी जोडणी मी पुष्कळ घरांत उत्तम चाललेली पाहिली आहे. आईला स्पष्ट विचारा, "तुला झेपेल का, किती वेळ झेपेल?" आणि "नाही" म्हणण्याची मोकळीक द्या. नातवासाठी आजी नाही म्हणत नाही, मग तीन महिन्यांत तिचं दुखणं वाढतं आणि सगळी घडी एका रात्रीत मोडते. ती आली तर तिच्या औषधांचा आणि हातखर्चाचा पैसा दर महिन्याला वेगळा काढून तिच्या हातात द्या.

पूर्ण दिवसाची बाई घरी ठेवायची असेल तर घरात दुसरं मोठं माणूस हवं, असं माझं ठाम मत आहे. बंद दाराआड एकटी बाई आणि बोलता न येणारं बाळ, ही व्यवस्था मी कुणालाही सुचवत नाही, बाई कितीही चांगली असली तरी. तिलाही दिवसभर कुणी बोलायला नसतं, जेवायला उसंत नसते, आणि ती आजारी पडली की तुमची दांडी ठरलेली.

पिंपरी-चिंचवडकडे आणखी एक मार्ग जोडपी काढतात: एक पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला. पैसा वाचतो, बाळ आई-बाबांकडेच राहतं. काही महिन्यांपुरतं ठीक आहे. वर्षभर केलं तर दोघांची झोप जाते आणि नवरा-बायको गेटवर बाळ एकमेकांकडे देण्यापुरतेच भेटतात.

म्हणून तुमच्यासाठी मला पाळणाघर योग्य वाटतं. निवडताना काय बघायचं ते सविस्तर सांगते, कारण चुकलेल्या निवडीची किंमत इथे बाळ मोजतं.

दारावरच्या रंगीत पाटीवरून काही ठरवू नका. शॉप ॲक्टची नोंदणी म्हणजे मुलं सांभाळण्याची मान्यता नव्हे. सीसीटीव्ही आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नका. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती कॅमेऱ्यासमोरच झाली. कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. थांबवते ती पुरेशी माणसं आणि पालकांना कधीही उघडं असलेलं दार. "पालकांनी मध्येच येऊ नये, मुलं रडतात" असं जिथे सांगतात, तिथून परत फिरा.

दोनदा जा. एकदा सकाळी साडेअकराच्या सुमाराला, न सांगता. ही भरवण्याची आणि झोपवण्याची वेळ असते, ताईंची सगळ्यात जास्त धांदल तेव्हाच. दुसऱ्यांदा संध्याकाळी पाच-सहाला, बाकीचे पालक मुलांना न्यायला येतात तेव्हा. बाहेर उभं राहून दोन-तीन आयांशी बोला. फलकावर लिहिलेलं नसतं ते सगळं तिथे कळतं.

आत गेल्यावर आधी मोजा: वर्षाच्या आतली बाळं किती आणि त्यांच्यासाठी वेगळ्या ताई किती. केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या पाळणाघरांच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक ताई म्हटलं आहे, आणि प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा. माझ्या मते ही कमीत कमी पातळी झाली. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी एका ताईकडे चार, फार तर पाच. एक बाळ शी करतं, दुसरं उलटी काढतं, तिसरं भुकेने रडतं, आणि ताईला हात दोनच असतात.

मग जमिनीवर, चटईवर बसा. बाळांच्या उंचीवरून खोली वेगळीच दिसते: उघडा सॉकेट, पाण्याने भरलेली बादली, खिडकीशी टेकवलेला स्टूल, कोपऱ्यात पडलेलं नाणं. लंगोट कुठे बदलतात आणि बाटल्या कुठे धुतात ते बघा. या दोन जागा एकमेकींजवळ नसाव्यात. लंगोट बदलल्यावर ताई साबणाने हात धुते का, हे विचारू नका, बघत बसा. प्रत्येक बाळाची बाटली, वाटी-चमचा, चादर नावानिशी वेगळी आहे का? झोपवलेली बाळं पाठीवर आहेत का? झोळीत झोपवत असतील तर बाळाची मान छातीवर वाकलेली नाही ना, आणि झोळी नजरेच्या टप्प्यात आहे ना? टीव्ही चालू असेल तर किती वेळ असतो ते विचारा.

एखादं बाळ रडायला लागेल. त्या क्षणी ताई काय करते याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. बसल्या जागेवरून नुसतं "ए गप" म्हणते, की उठून त्याच्याकडे जाते? त्याला नावाने हाक मारते का? बाळ तिच्या कडेवर गेल्यावर अंग सैल सोडतं की ताठ होतं? आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: खोलीत दहा-बारा बाळं आहेत आणि भर दुपारी सगळी चिडीचूप झोपलेली, कुणाचीच चुळबुळ नाही, तर मला काळजी वाटते. "आमच्याकडे बाळ दिवसभर शांत झोपतं" ही जाहिरात नाही, चौकशी करण्याची गोष्ट आहे. सर्दीचं किंवा झोपेचं औषध तुम्ही लेखी दिल्याशिवाय कुठलंही द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

ताईला पगार वेळेवर मिळतो का, तीच ताई किती दिवस टिकून आहे, हेही मालकिणीला विचारा. दर दोन महिन्यांनी ताई बदलत असतील तर बाळाला दर दोन महिन्यांनी नव्या अनोळखी माणसाची सवय करावी लागते. चकचकीत रंगरंगोटीपेक्षा तीन वर्षं टिकलेली एक प्रेमळ ताई मला केव्हाही जास्त मोलाची वाटते.

परवडेल का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या भागात घरगुती पाळणाघर साधारण चार-सहा हजारांत, तर नावाजलेलं डेकेअर त्याच्या दुप्पट-तिप्पट असतं. आता घरोघरी हिशोब असा करतात: "तिचा पगार १८,०००, त्यातले सहा पाळणाघराला, दोन जाण्या-येण्याला, मग उरलं काय? त्यापेक्षा घरीच बस." हा हिशोब मला कधीच पटला नाही. बाळ दोघांचं, मग फी तिच्याच पगारातून का वजा करायची? दोघांच्या पगाराची बेरीज करा आणि घरभाड्यासारखा हा खर्चही त्यातून काढा. शिवाय हा खर्च कायमचा नाही. मूल तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी किंवा बालवाडी सुरू होते आणि पाळणाघराचे तास कमी होतात. नोकरी सोडली तर मात्र ईएसआयचं संरक्षण जातं, भविष्य निर्वाह निधी थांबतो, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा भरणं थांबतं. दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कामावर घेताना कंत्राटदार तिला अगदी तळापासून सुरुवात करायला लावतो. तिला स्वतःला घरी राहायचं असेल तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवा. पण फीच्या वजाबाकीवरून तो निर्णय दुसऱ्या कुणी घेऊ नये.

कागदांचं आटोपशीर सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद करा, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे हाच दाखला लागणार आहे, म्हणून आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग दवाखान्यातल्या फॉर्मवरच तपासा. मुलगी झाली आणि तुमचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर राज्याची लेक लाडकी योजना बघा. जन्माला ५,००० पासून पुढे टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत एकूण १,०१,००० रुपये मिळतात. मात्र वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख आहे, त्यामुळे दोघांचे पगार धरता तुम्ही त्यात बसणार नाही. तुमच्यासाठी पोस्टातलं सुकन्या समृद्धी खातं आहे, वर्षाला २५० रुपयांपासून. कंपनीचा गटविमा असेल तर बाळाचं नाव त्यात लगेच घाला. ही मुदत पुष्कळ ठिकाणी महिनाभराचीच असते.

आणि आता तुमच्याबद्दल, दादा. खासगी नोकरीत वडिलांना रजा देण्याचा कायदा नाही, तेव्हा तुमच्या ज्या काही हक्काच्या रजा आहेत त्या जपून वापरा. सगळ्या रजा दवाखान्यात आणि बारशाला संपवतात, आणि खरी गरज असते तेव्हा हातात एकही उरत नाही. खरी गरज तिच्या परत रुजू होण्याच्या आसपास असते. पाळणाघराची सवय तिची रजा संपण्याआधी दोन आठवडे लावायला घ्या: आधी तासभर आई बरोबर बसून, मग तासभर आईशिवाय, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. त्याच दिवसांत काढलेलं दूध वाटी-चमच्याने प्यायची सवय होऊ द्या. काढलेलं दूध आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, चार दिवसांत संपवा, आणि डब्यावर तारीख घाला. कारखान्यात दूध काढायला तिला बंद खोली मिळेल का, हे तिने रजेवर जाण्याआधी विचारून ठेवावं.

पाळणाघरात जायला लागलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बाळ सर्दी-तापाने आजारी पडतंच, इतक्या मुलांत पहिल्यांदा मिसळतं म्हणून. घाबरून पाळणाघर बंद करू नका. त्या दिवसांसाठी तुमच्या निदान आठ-दहा रजा शिल्लक असू द्या, म्हणजे प्रत्येक वेळी तिलाच खाडा करावा लागणार नाही. ताप असलेलं बाळ चांगलं पाळणाघर घेत नाही, आणि त्यांनी परत पाठवलं म्हणून रागावू नका. तापलेलं बाळ जिथे काही न विचारता ठेवून घेतात, तिथे बाकीच्यांची तापलेली बाळंही तुमच्या बाळाशेजारीच झोपवलेली असतात.